वर्ष कोणत्या दिवशी संपते? कॅथलिक प्राथमिक शाळांतील वर्षअखेरीचे सोहळे: बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

शाळांच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे बहुधा इमारत, पटसंख्या, अनुदान आणि निकाल या चार गोष्टींभोवती फिरते. वर्षअखेरीस शाळेच्या पटांगणावर जो सोहळा होतो, त्याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने पाहावे असे सहसा कोणास वाटत नाही. स्नेहसंमेलन, बक्षीस समारंभ, नाताळचा कार्यक्रम, चौथीच्या मुलांचा निरोप समारंभ हे सर्व स्मरणिकेतील छायाचित्रांपुरते उरते. वस्तुतः शाळा स्वतःला काय समजते, समाजापुढे कोणत्या रूपात उभी राहू इच्छिते आणि 'समाज' म्हणून कोणाला समोर बसविते, हे त्या एका संध्याकाळी जितके स्पष्ट दिसते तितके वर्षभराच्या हजेरीपत्रकात दिसत नाही.

कॅथलिक संस्थांच्या प्राथमिक शाळांत या सोहळ्याला आणखी एक पदर असतो. तेथे शालेय जीवनाचा आनंद आणि श्रद्धेचा उत्सव हे एकाच रंगमंचावर येतात. बीड जिल्ह्यात हा प्रश्न विशेष टोकदार होतो. कारण येथे ख्रिस्ती समाज जिल्ह्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही बराच कमी आहे, आणि दुसरीकडे जिल्ह्यातील लक्षावधी माणसे ज्या काळात शाळांचे सोहळे होतात नेमकी त्याच काळात ऊसतोडीसाठी जिल्ह्याबाहेर असतात. सोहळ्याचा आशय जितका महत्त्वाचा तितकीच, किंबहुना काही बाबतींत अधिक, त्याची तारीख महत्त्वाची असते, हे प्रस्तुत निबंधात मांडावयाचे आहे.

वर्ष एक, अखेरी अनेक

कॅथलिक शाळेत वर्ष एकदाच संपत नाही. चर्चचे उपासनावर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होते. म्हणजे त्याची अखेर नोव्हेंबरच्या शेवटी ख्रिस्त राजाच्या सणाने होते. हा सण तसा अर्वाचीन आहे. पोप अकरावे पायस यांनी तो १९२५ मध्ये सुरू केला. त्या वेळी तो ऑक्टोबरच्या अखेरच्या रविवारी येई. उपासनावर्षाच्या शेवटी त्याची स्थापना द्वितीय व्हॅटिकन परिषदेनंतरच्या सुधारणांत झाली. त्यानंतर महिन्याभरात नाताळ, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री सरत्या वर्षाबद्दल आभार मानणारे 'ते देऊम' हे प्राचीन स्तोत्र. शासकीय शैक्षणिक वर्ष मात्र जूनमध्ये सुरू होऊन एप्रिलअखेरीस संपते व निकाल महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे हाती पडतो. शेतकऱ्याचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते. सालगड्याचे साल पाडव्याला संपते आणि पाडव्यालाच नवे ठरते.

यात एक विसंगती सहज ध्यानात येते. ख्रिस्ती धर्मविचारात पुनरुत्थानाचा सण हा नाताळपेक्षा श्रेष्ठ मानला जातो. परंतु ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान केव्हाही येतो, म्हणजे नेमका वार्षिक परीक्षेच्या हंगामात. परिणामी शाळेच्या रंगमंचावर ईस्टर जवळजवळ आलाच नाही आणि नाताळ हा शाळेचा 'मुख्य' सण ठरला. धर्मशास्त्राने नव्हे, परीक्षेच्या वेळापत्रकाने हा क्रम लावला आहे.

बीड जिल्ह्याच्या बाबतीत कालगणनेची ही गुंतागुंत नवी नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दफ्तरी व्यवहार फसली सालाने, आजूर, दै, बहमन अशा महिन्यांनी चाले, आणि साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे. घरात पंचांग, कचेरीत फसली आणि छावणीत इंग्रजी तारीख अशी तिहेरी गणना सांभाळण्याची सवय इथल्या मागील पिढ्यांना होती. अंबाजोगाई, म्हणजे तत्कालीन मोमिनाबाद, येथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी असल्याने तिसरी गणनाही अगदी अपरिचित नव्हती.

सोहळ्याची वंशावळ

आजच्या शालेय स्नेहसंमेलनाचे मूळ शोधू गेल्यास दोन धागे हाती लागतात. पहिला जेझुइट संघाच्या शिक्षणपद्धतीचा. १५९९ च्या 'रेशिओ स्टुडिओरम' या शिक्षणसंहितेत बक्षिसांसंबंधी स्वतंत्र नियमावली आहे. बक्षिसे किती, कोणत्या विषयांना, परीक्षा कशी घ्यावी आणि विजेत्यांची नावे जाहीर समारंभात कशी पुकारावी, याचा त्यात तपशील आढळतो. नाटकांविषयीही ती संहिता बोलते: नाटके क्वचित व्हावीत, लॅटिन भाषेत व्हावीत, आणि त्यांत स्त्रीपात्र वा स्त्रीवेष नसावा. पुढे मराठी रंगभूमीने स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांना केवढी लोकप्रियता दिली हे आठवले म्हणजे या नियमाची मौज वाटते. प्रत्यक्षात हे निर्बंध युरोपातही फार काळ टिकले नाहीत. शालेय नाटक हे जेझुइट विद्यालयांचे वैशिष्ट्यच बनले.

दुसरा धागा जाहीर परीक्षेचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शाळेची वार्षिक परीक्षा हा गावाने पाहावयाचा प्रसंग असे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. १८३९ पासून तेथे सिंथिया फॅरर यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. त्यांची शाळा पाहूनच जोतीराव फुले यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली. पुण्यात फुले यांच्या शाळांच्या परीक्षा १८५० च्या दशकाच्या आरंभी मोठ्या जनसमुदायापुढे झाल्या. मुलीने उभे राहून सर्वांदेखत वाचून दाखविणे, हाच तेव्हाचा सोहळा होता. नाच-गाणे, वेषभूषा, प्रमुख पाहुण्यांचे भाषण ही भर नंतरची. महाविद्यालयांतील 'सोशल गॅदरिंग'च्या अनुकरणाने ती शाळांत उतरली आणि 'गॅदरिंग' हा शब्द आजही गावोगाव तसाच रुळलेला आहे.

म्हणजे आरंभी या प्रसंगाचे मर्म 'शिकलेले दाखविणे' हे होते. ते हळूहळू 'सादर करणे' याकडे झुकले. हा बदल वाईटच आहे असे म्हणता येणार नाही. पण जाहीर परीक्षेला पोशाखाचा खर्च नव्हता, एवढे नोंदविले पाहिजे.

कॅथलिक परंपरेत प्राथमिक वयाला विशेष महत्त्व येण्याचे आणखी एक कारण १९१० चे आहे. पोप दहावे पायस यांनी त्या वर्षी प्रथम ख्रिस्तप्रसादासाठीचे वय साधारण सातव्या वर्षापर्यंत खाली आणले. त्यापूर्वी हा संस्कार बहुधा दहा-बारा वर्षांच्या मुलांना मिळे. या निर्णयाने संस्काराची पूर्वतयारी थेट दुसरी-तिसरीच्या वर्गापर्यंत आली आणि प्राथमिक शाळा व धर्मग्राम यांचे वार्षिक वेळापत्रक एकमेकांत गुंतले.

मराठवाड्यातील कॅथलिक कार्य

या भागात कॅथलिक कार्य दोन दिशांनी आले. अहमदनगर जिल्ह्यात १८७८ पासून जर्मन जेझुइटांचे काम सुरू झाले. केंदळ येथून फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये 'निरोप्या' हे मराठी मासिक काढले. मराठवाड्यात सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाचे फ्रेंच धर्मगुरू नागपूरकडून आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात वैजापूर परिसरातील घोगरगाव हे त्यांचे आद्य केंद्र बनले आणि फादर जाकिये यांचे नाव त्या भागात आजही आदराने घेतले जाते. १९५५ मध्ये नागपूरपासून अमरावती आणि १७ डिसेंबर १९७७ रोजी औरंगाबाद असे धर्मप्रांत वेगळे होत गेले. बिशप डॉमिनिक अब्रेओ हे औरंगाबाद धर्मप्रांताचे पहिले प्रमुख. बीड जिल्हा या धर्मप्रांतात मोडतो.

आरंभीच्या खेड्यातील मिशन शाळा म्हणजे बहुधा एक खोली आणि एक मास्तर. सकाळी तेच शिकवीत, संध्याकाळी तेच प्रार्थना घेत. शाळा आणि श्रद्धा यांची विभागणी तेथे नव्हतीच. विद्यार्थी मुख्यतः महार व मांग समाजांतील होते, आणि ज्या मुलांना गावच्या शाळेत उंबऱ्याबाहेर बसावे लागे त्यांना या खोलीत आत, सर्वांबरोबर बसावयास मिळत होते. नाताळच्या दिवशी त्या मुलांनी गावासमोर उभे राहून गाणे म्हणणे याचा अर्थ धार्मिक होता तसाच सामाजिकही होता. स्वातंत्र्यानंतर मात्र त्यात एक पेच आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदू धर्माबाहेरील दलितांना या सवलतींतून वगळले. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध समाजाचा समावेश झाला, ख्रिस्ती दलितांचा झाला नाही. शाळेच्या दाखल्यावरील धर्म व जात हा रकाना त्यामुळे कुटुंबाच्या भवितव्याशी जोडला गेला. रंगमंचावर मूल काय म्हणते आणि दाखल्यावर काय लिहिले जाते यांत अंतर राखणे अनेक घरांना भाग पडले. या अंतराला दांभिकता म्हणणे अन्यायाचे होईल. ते कायद्याने निर्माण केलेले अंतर आहे.

समई, गव्हाण आणि अठ्ठाविसावे कलम

आज बीडसारख्या जिल्ह्यातील कॅथलिक शाळेत बसलेली बहुसंख्य मुले हिंदू, मुस्लिम आणि बौद्ध कुटुंबांतील असणार, हे लोकसंख्येच्या प्रमाणावरूनच उघड आहे. मग श्रद्धेचा उत्सव नेमका कोणाच्या श्रद्धेचा? भारतीय संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालविण्याचा अधिकार दिला. पण कलम २८(३) ने त्याच संस्थांवर मर्यादाही घातली. शासनमान्य वा अनुदानित संस्थेत कोणासही त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणास वा उपासनेस उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. प्राथमिक शाळेत सर्वच विद्यार्थी अज्ञान. म्हणून प्रश्न सदैव पालकांच्या संमतीचा.

चर्चच्या बाजूनेही याच सुमारास विचार बदलत होता. २८ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा आणि अन्य धर्मांशी असलेल्या संबंधांविषयीचा असे दोन जाहीरनामे प्रसृत केले. शाळेच्या पटांगणावर हे दोन्ही एकदमच लागू होतात. १९६९ मध्ये भारतातील उपासनेसाठी बारा मुद्द्यांना रोमची मान्यता मिळाली. मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा, हात जोडून वंदन, आरती, खाली बसून उपासना यांचा त्यांत समावेश होता. चर्चमध्ये या मुद्द्यांवर बराच वाद झाला. शाळेत तो फारसा झाला नाही; कारण शाळा आधीपासूनच समईने कार्यक्रम सुरू करीत असत.

या समईचे ऐतिहासिक कार्य लक्षात घेण्यासारखे आहे. महाराष्ट्रातील सर्वसाधारण शाळेत कार्यक्रमाचा आरंभ सरस्वतीच्या प्रतिमेच्या पूजनाने होतो. मिशन शाळेला ते शक्य नव्हते आणि क्रूसासमोर प्रार्थना करावयास सर्व पालकांना उभे करणे उचित नव्हते. समई दोन्ही बाजूंना चालली. दीपप्रज्वलनाला प्रमुख पाहुणे म्हणून आलेले गटशिक्षणाधिकारी, सरपंच, धर्मगुरू आणि मुख्याध्यापिका सिस्टर एकाच ज्योतीने वात लावू शकतात, आणि प्रत्येकाला तिचा अर्थ आपापला घेता येतो. तडजोड या शब्दाला आपल्याकडे कमीपणा चिकटला आहे. इथे ती तडजोड फार शहाणपणाची होती असे माझे मत आहे.

गव्हाणीचे तसे नाही. येशूजन्माचा देखावा ही उघड धार्मिक गोष्ट आहे. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे तो प्रथम जिवंत प्राण्यांसह उभा केला असे परंपरा मानते. पण बालाघाटाच्या डोंगररांगेत हा देखावा समजावून सांगावा लागत नाही. गव्हाण हा शब्द येथील प्रत्येक गोठ्यातला आहे. कडबा, बैल, थंडीची रात्र, प्रवासात अडलेली गर्भवती आणि आसरा न देणारे गाव यांतील एकही गोष्ट बीडच्या मुलाला परकी नाही. शहरातील शाळांत कापसाचा बर्फ पसरून जो नाताळ उभा केला जातो, त्यापेक्षा कडब्यावरचा हा नाताळ मूळ कथेच्या अधिक जवळ आहे.

परक्या कथेला मराठीत घर मिळण्याची ही प्रक्रिया जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, १६१५ मध्ये, अंबाजोगाईस दासोपंतांचे निधन झाले होते. स्टीफन्स १५४९ चे, दासोपंत १५५१ चे. दोघे शब्दशः समकालीन. एकाने बायबलची कथा ओवीत बांधली, दुसऱ्याने गीतेवर अजस्र ओवीबद्ध भाष्य रचले आणि पासोडीच्या वस्त्रावर पंचीकरण लिहिले. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नाही. परंतु श्रद्धेची गोष्ट सामान्यांच्या कानापर्यंत न्यावयाची तर ती ओवीतूनच, हा निर्णय दोघांचाही आहे. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी नगरच्या परिसरात कीर्तन आणि भजन ख्रिस्ती उपासनेत आणले. टिळक प्रॉटेस्टंट होते, पण त्यांची भजने पंथाच्या भिंती ओलांडून गेली. अंबाजोगाईत योगेश्वरीचा मार्गशीर्षातील उत्सव आणि दत्तजयंती नाताळच्या आसपासच येतात. त्यामुळे डिसेंबरात सजावट, गाणे आणि गर्दी ही मुलांच्या दृष्टीने एका ऋतूची लक्षणे होतात. कोणता सण कोणाचा, हे मोठ्यांना अधिक ठाऊक असते.

कायद्याच्या अंगाने पाहता २००२ च्या अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयीचे मूल्याधिष्ठित शिक्षण आणि धार्मिक शिक्षण यांत फरक केला. शाळांना या फरकाचा आधार मिळाला आणि श्रद्धेचा बराचसा आशय 'मूल्यशिक्षण' या तासिकेच्या नावाखाली गेला. त्यात सोय आहे, धोकाही आहे. येशूजन्माची कथा केवळ 'सर्वांशी प्रेमाने वागा' एवढ्यावर आणली की ख्रिस्ती मुलाला आपला सण पातळ झाल्यासारखा वाटतो आणि इतर मुलांनाही काही विशेष मिळत नाही. कथा कथा म्हणून सांगावी, प्रार्थना ऐच्छिक ठेवावी, हा मार्ग अधिक प्रामाणिक.

कोयत्याचे वर्ष

आता प्रेक्षकांकडे वळू. बीड, गेवराई, धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, परळी या तालुक्यांतील ऊसतोड कामगारांचे वर्ष दसरा-दिवाळीनंतर सुरू होते. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणून बाईला मागे राहता येत नाही. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि गाळप संपल्यावर, साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये, परततात. मुले एकतर आजी-आजोबांकडे राहतात, किंवा हंगामी वसतिगृहात, किंवा आईबापांबरोबर फडावरच्या कोपीत. कारखान्यांच्या परिसरात साखरशाळांचे प्रयोग झाले. पण मुलाचे नाव ज्या शाळेच्या पटावर असते त्या शाळेच्या सोहळ्याला ते मूल नसते.

नाताळ २५ डिसेंबरला. स्नेहसंमेलन डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे शाळा ज्या दोन दिवशी समाजाला घरी बोलावते, ते दोन्ही दिवस गळिताच्या ऐन भरात येतात. पटांगणावरच्या खुर्च्यांवर नोकरदार, व्यापारी आणि बागायतदार पालक बसतात. मागे सतरंजीवर म्हाताऱ्या आज्या. ज्या मुलाने मेंढपाळाचे काम केले त्याचे आईबाप त्या रात्री पाचटावर झोपलेले असतात. पोशाखाचे भाडे, बुटांचे पैसे, सहभागाची वर्गणी देण्यासाठी घरी मिळवता माणूस नसतो. असे मूल मग समूहगीतात शेवटच्या रांगेत जाते किंवा त्या दिवशी शाळेतच येत नाही. कोणी त्याला वगळलेले नसते. तारखेने वगळलेले असते.

मुलींच्या बाबतीत याला अधिक वजन आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यातील शून्य ते सहा वयोगटातील लिंगगुणोत्तर दर हजार मुलग्यांमागे ८०७ मुली इतके खाली, राज्यात सर्वांत कमी होते. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी फडावर नेली जाते ती बहुधा थोरली मुलगी. ज्या जिल्ह्यात मुलीच्या जन्माचेच स्वागत नाही तेथे तिचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाणे आणि ते तिच्या बापाने ऐकणे, ही बक्षीस समारंभाची सर्वांत मोठी किंमत आहे. बाप गैरहजर असताना झालेला समारंभ ती किंमत वसूल करीत नाही.

येथे शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावचे उदाहरण बोलके आहे. हरेगाव हे बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळे नावारूपाला आलेले गाव. तेथील मतमाउलीची यात्रा १९४९ पासून भरते आणि महाराष्ट्रातील मराठी कॅथलिकांचा तो बहुधा सर्वांत मोठा मेळा आहे. मराठवाड्यातूनही भाविक तेथे जातात. यात्रेचा काळ मरियेच्या जन्मदिनामुळे, ८ सप्टेंबरमुळे, ठरलेला आहे. उसाचा विचार करून कोणी तो निवडलेला नाही. परंतु सप्टेंबर म्हणजे कोयते अजून घरात असण्याचा महिना, आणि कष्टकरी कुटुंबे या यात्रेला पोराबाळांसह जाऊ शकतात याला त्या तारखेचा मोठा हातभार आहे. जो सण श्रमाच्या वर्षात बसतो तो लोकांचा होतो.

नाताळ हलविता येणार नाही, हे उघड आहे. मात्र स्नेहसंमेलन आणि बक्षीस समारंभ यांना कोणतेही उपासनावर्ष बांधून ठेवीत नाही. त्यांची जानेवारीतील जागा महाविद्यालयांच्या अनुकरणातून आणि परीक्षेपूर्वीच्या सोयीतून आलेली आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ऊन कडक असते, पाण्याची टंचाई असते, शिक्षक पेपर तपासण्यात गुंतलेले असतात. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्याच आठवड्यात टोळ्या परतलेल्या असतात, ईस्टरचा आनंदकाळ बहुतेक वर्षी चालू असतो, चौथीची मुले शाळा सोडून जाणार असतात आणि निकालपत्रक घेण्यासाठी पालकांना एरवीही शाळेत यावेच लागते. संध्याकाळी ऊन उतरल्यावर तास-दीड तासाचा, भाड्याच्या पोशाखाशिवायचा कार्यक्रम, ज्यात प्रत्येक मूल वर्षभरात शिकलेले काही तरी वाचून, म्हणून वा मोजून दाखवील आणि शेवटी समईभोवती ज्याला त्याला आपल्या रीतीने आभार मानता येतील, असा कार्यक्रम एकोणिसाव्या शतकातील जाहीर परीक्षेच्या बराच जवळचा होईल. मुख्याध्यापकांच्या वार्षिक नियोजनात त्यासाठी एक ओळ बदलावी लागेल, आणि ती ओळ जूनमध्येच, टोळ्या निघण्याच्या चार महिने आधी, पालकांच्या सभेत वाचून दाखवावी लागेल.